रोजचाच वास

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेच विसरलो. ज्या प्रकरणात शेवटी कोणालाच अटक झाली नाही, ते मात्र आजही आठवतं. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मी ठाण्याचा प्रभारी होतो, तेव्हाची ही गोष्ट. नावं कोणाचीच सांगणार नाही.

एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन काही कामगार दगावले होते. पंचनामे झाले, ओळख पटवून मृतदेह ताब्यात दिले गेले, आमच्या लेखी काम संपलं. काही महिन्यांनी नियंत्रण कक्षात फोन येऊ लागले. "ग्यास सुटलाय, मानसं बाहेर काढा." आवाज बाईचा, नंबर दर वेळी वेगळा. अग्निशमनची गाडी धावायची, मागे आमची जीप, कामगार गेटबाहेर येऊन उभे राहायचे आणि गळती कुठेच सापडायची नाही. कारखानदार वैतागले. एकाने लेखी तक्रार दिली की कोणीतरी मुद्दाम उत्पादन बंद पाडतंय, गुन्हा दाखल करा. मलाही काळजी होती ती वेगळीच. 'लांडगा आला रे आला' असं रोज झालं, तर खऱ्या दिवशी कोण धावणार?

आमचा पहिला संशय कामावरून काढलेल्या एका कामगारावर गेला. त्याला बोलावलं, बसवून ठेवलं, आवाज चढवून विचारलं. तो बिचारा रडकुंडीला आला. माझ्या महिला हवालदाराने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. आवाज बाईचा आहे." बाई तोंडाची फटकळ, पण खरं बोलायची.

मग ज्या ज्या नंबरांवरून फोन आले होते, त्यांच्या मालकांना गाठलं. त्यात एक रिक्षावाला होता. तो हात जोडून म्हणाला, "साब, फोन मेरा है, पर बात एक औरत ने की. बोली, मेरा बैलेन्स खतम है, अर्जन्ट है. मैंने दे दिया." तिला जिथे सोडलं ती चाळ त्याने दाखवली. तिथल्या किराणावाल्याने ओळख सांगितली. त्या स्फोटात जिचा नवरा गेला, तीच ही. शाळेत पोषण आहार शिजवण्याचं काम करत होती. गुन्हा नोंदला असता तर ते काम गेलं असतं, आणि तेवढ्याच आधारावर तिचं घर उभं होतं.

बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, म्हणून हवालदार बाईंना घेऊन मी गेलो. त्या दुपारी वाऱ्यावर उग्र वास होता. या भागात नवीन आलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. जुना माणूस खिडकी लावतो आणि जेवायला बसतो. "आज कंपनीने सोडलाय," एवढं म्हटलं की विषय संपला. त्या चाळीतही सगळ्या खिडक्या बंद होत्या, एक सोडून. तिला झडपाच नव्हत्या. बिजागऱ्या उचकटलेल्या, आणि दोन्ही झडपा आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

बाई शांत होती. माहेर माकुणसारचं, बोलणंही तिकडचंच. मी विचारलं, "फोन तुम्ही केलेत?"

"हाय. मीच केले."

"गळती झाली नव्हती, माहीत आहे ना?"

"वास आला, साहेब."

"अहो, इथे वास रोजच येतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशीबी रोजचाच आला होता."

पुढचं तीच सांगत गेली. "सकाळी भात टाकला होता. वास आला. मी खिडकी लावली. मोबाईल हातात होता, त्यांना विचारू शकले असते, कोनाला सांगू शकले असते. पन रोजचाच वास, कोनाला काय सांगायचं? भात उतरवला, तवर फळीवरची भांडी खाली पडली. आता मी खिडकी लावनार नाय."

हवालदार बाई उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. मी पोलीस माणूस, माझा विश्वास पुराव्यावर. चौकशीत काय निघालं ते मी तिला समजावून सांगितलं: त्या कारखान्यात वास सुटण्यासारखं आधी काही झालंच नव्हतं, शिवाय सकाळचा वारा तिच्या घराकडून कारखान्याकडे होता, म्हणजे तिला आलेला वास दुसरीकडचा होता. तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "असंल. पन खिडकी तर मीच लावली ना?" इतक्या आरोपींना मी पुराव्याने गप्प केलं, हिला निर्दोष ठरवणं मला जमलं नाही. तिथे मला फार वाईट वाटलं.

वरिष्ठांना सगळं तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "पोलीस ठाणं चालवता की दवाखाना?" पण मोकळ्या मनाचे होते, गुन्हा नोंदवला नाही. तक्रारदाराला मी ठाण्यात चहा पाजून ती खिडकी कशी आहे ते सांगितलं. तो चहा अर्धा टाकून उठला आणि तक्रार मागे घेऊन गेला.

सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी मनाचे डॉक्टर यायचे. बाई जायला तयार नव्हती. "मी काय येडी हाय?" हवालदार बाई म्हणाल्या, "पाय मोडला असता तर गेली असतीस ना? चल." स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी त्या तिला घेऊन जात. डॉक्टरांनी आम्हालाही काम दिलं. वास नाही असं तिला सांगू नका, रागावू नका, तिने फोन एकाच ठिकाणी करावा आणि तिथे कोणीतरी नीट बोलावं. मग ठरलं, तिने थेट ठाण्यात फोन करायचा. जो ड्यूटीवर असेल त्याने विचारायचं, वास कसा आहे, जेवलात का. आणि गस्तीवरच्या मोटरसायकलने त्या बाजूने खरोखर चक्कर मारून तिला कळवायचं. सुरुवातीला आमची मंडळी हसली. नंतर फोन आला नाही की तेच एकमेकांना विचारायचे. फोन हळूहळू कमी झाले.

निवृत्तीच्या आधी निरोप घ्यायला गेलो. खिडकीला एक झडप बसवलेली होती, दुसरी अजून भिंतीला टेकलेली. मी म्हणालो, "हीसुद्धा लावून टाका आता."

ती म्हणाली, "लावली तर झोप लागंल, साहेब. झोप लागायचीच भीती वाटते."

गुन्हेगार सापडला की फाईल बंद करायची, एवढंच मला खात्याने शिकवलं होतं. जिथे माणूस स्वतःलाच शिक्षा सुनावून बसतो, तिथे ना अपील चालतं ना जामीन. त्याच्याजवळ कोणीतरी बसायला लागतं, आणि ते बसणं लवकर संपत नाही. त्या घरातली दुसरी झडप लागली की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मी बोईसरलाच राहिलो. वारा फिरून वास आला की बायको सवयीने खिडकी लावायला उठते. मी म्हणतो, थांब, आधी फोन करू दे. ठाण्यात आता नवीन मुलं आहेत. ती आदराने विचारतात, "सर, रोजचाच वास ना?"

मी सांगतो, "हो, रोजचाच. तरी एकदा बघून या."