पंपाची दुपारची सुट्टी

दगडोबा कांबळे आमच्या वस्तीतले इंजिनवाले. मुरुडच्या पलीकडे व्यंकटरावांच्या मळ्यात त्यांनी उभं आयुष्य डिझेलचं इंजिन चालवलं. त्यांच्या अंगाला डिझेलचा वास कायमचा. सरजाबाई, त्यांची बायको, म्हणायच्या की हळदीतसुद्धा तो वास गेला नव्हता.

दुपारी औतं सुटली की दगडोबाही इंजिन बंद करायचे, त्याच्यावर ओलं पोतं टाकायचे आणि शेजारी आडवे व्हायचे. व्यंकटराव कितीही ओरडले तरी ऐकायचे नाहीत. बैलाला सुट्टी देता, मग ह्यालाच का न्हाई, एवढंच म्हणायचे.

लातूर जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. ऑफिसांच्या पाट्या अजून नव्या होत्या, दुष्काळ मात्र जुनाच. वस्तीच्या विहिरीत पाणी होतं पण फार खोल. बायका पोहऱ्याला दोर जोडत जोडत थकल्या होत्या. त्या साली एक योजना आली. तेल विकणारा एक देश आणि आपलं सरकार मिळून कोरड्या मुलखात उन्हावर चालणारे पंप लावून बघत होते. देशाचं नाव लिहीत नाही, चुकेल अशी भीती वाटते.

असा एक पंप आमच्या बौद्ध वस्तीच्या विहिरीवर बसला. निळसर काचेच्या मोठ्या पाट्या आणि शेजारी उंच टाकी. सरकारी गोष्ट गावाच्या आधी आमच्याकडे आली, असं मी तोवर पाहिलं नव्हतं. राखणदार अर्थातच दगडोबा. ते पहाटे उठून पाट्यांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसायचे. पण उन्हाळाभर टाकी भरली तरच पंप राहणार होता, नाहीतर उचलून किनवटकडे नेणार होते.

आणि टाकी काही भरेना. जेमतेम अर्धी व्हायची. इंजिनिअर ईश्वरप्पा उदगीरकडचे, भला माणूस. सकाळी यायचे, तारा तपासायचे, सगळं ठीक दिसायचं, आणि जेवणवेळेला गावात जायचे ते परत दुसऱ्या सकाळीच. शेवटी त्यांनी मला हळूच सांगितलं, गुरुजी, पाट्या कमजोर निघाल्या, पंप जाणार. मी वस्तीच्या शाळेवर मास्तर होतो, म्हणून मला सांगितलं. ते दगडोबांना कसं सांगावं ते मला कळेना. पण बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच. दोन दिवस ते जेवले नाहीत. पुन्हा दोर ओढायची वेळ आली, असं बायका बोलू लागल्या.

अखेरच्या तपासणीला त्या देशाचे एक साहेब आले, हमदसाहेब. भर मे महिना. सरजाबाईंनी घासूनपुसून तांब्या पुढे केला, तर साहेबांनी छातीवर हात ठेवून नको म्हटलं. सरजाबाईंचा चेहरा उतरला. आमच्या हातचं पाणी नको म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिले होते. पण दगडोबा निजामाच्या काळातले, उर्दू शाळेत बसलेले. ते म्हणाले, "अगं, रमजान हाय. रोजा हाय त्यांचा."

जेवणवेळ झाली. ईश्वरप्पा आणि बाकीचे गावात गेले. साहेबांना जेवायचं नव्हतं, ते लिंबाखाली बसून राहिले. सोबत कुणीतरी हवं म्हणून मीही बसलो. ऊन डोक्यावर आलं तसे दगडोबा उठले, पोती उसवून शिवलेलं एक मोठं पाल त्यांनी आणलं आणि सगळ्या पाट्यांवर नीट पसरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. ते पाल सरजाबाईंनी शिवलं होतं, वस्तीत कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. टाकीत पडणारी धार थांबली.

साहेब ताडकन उभे राहिले. आमच्याकडच्या मजुरांसोबत काम करून त्यांना हिंदी येत होती. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. दगडोबा सहज म्हणाले, "दोपहर को आराम देना पडता साहब. तपताय ना."

रोज का, असं साहेबांनी विचारलं. हो, रोज, ऊन उतरेपर्यंत. साहेबांनी एकदा पाट्यांकडे, एकदा पालाकडे बघितलं. मग इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं.

"चाचा, रोजा मेरा है," ते म्हणाले, "आपने इसको भी रखवा दिया. इसका तो खाना ही धूप है."

दगडोबांना ते समजायला एक क्षण लागला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. पंप आपणच उपाशी ठेवला, हे त्यांच्या ध्यानात आलं. पाल साहेबांनी आणि मी काढलं. मधल्या पाट्या उघड्या पडताच धार सुरू झाली, सकाळपेक्षा जाड. ईश्वरप्पा जेवून, उन्हं कलल्यावर आले तेव्हा टाकी वरून वाहत होती आणि वस्तीतल्या बायका घागरी घेऊन धावत होत्या. पंप इथेच राहील, असं साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं.

नंतर दगडोबांनी धीर करून विचारलं की तेल तर तुमचं, मग हे उन्हाचं खूळ तुम्हाला कशाला? साहेब म्हणाले की आमच्याकडेही वाळवंटात धनगरांच्या खोल विहिरी आहेत, तिथे तेलाचा टँकर पोचत नाही, आणि तेल काही जन्मभर पुरायचं नाही. तुमच्या उन्हाधुळीत टिकलं तर आमच्याकडे टिकेल. मग धूळ पाण्याशिवाय कशी पुसता, ते त्यांनी दगडोबांकडून करून दाखवून घेतलं.

दिवस मावळेपर्यंत ते थांबले. खिशातल्या खजुराने आणि सरजाबाईंच्या तांब्यातल्या पाण्याने त्यांनी रोजा सोडला. एका तांब्याने भागलं नाही, दुसरा मागितला. सरजाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि मागे वळून हसल्या.

पाल मात्र वाया गेलं नाही. चार मेढी रोवून दगडोबांनी ते स्वतःवरच बांधलं. बरेच दिवस ते त्याच्याखाली दुपारभर ताठ बसून असायचे. पंप काम करत असताना आपण आडवं व्हावं, याची त्यांना लाज वाटायची. पाऊस तोंडावर आला होता तेव्हा एका दुपारी मी तिकडून जात होतो. धार पडत होती आणि पालाखाली दगडोबा घोरत होते.