दुर्गाबाईनं अडवलेलं विमान

आमच्या संकेश्वर-निपाणी पट्ट्याला एक खोड आहे. कुणाचं काही चांगलं होणार असं नुसतं कानावर आलं, की ते व्हायच्या आधीच आम्ही सत्कार उरकून मोकळे होतो. फेटा, शाल, नारळ, मटणाचं जेवण आणि बसस्टँडवर हा एवढा डिजिटल बोर्ड. परशराम पॅनमन टांझानियाला जाणार म्हटल्यावर दुसरं काय होणार होतं? पण त्या सत्कारात सगळ्या गावादेखत एका बाईनं तोंड उघडलं. ती परशरामची बायको, दुर्गाबाई. ही गोष्ट तिचीच.

दुर्गाबाई पहिल्यापासून फटकळ. दूध डेअरीवर तिची किटली पुढं आली की मापाला बसलेला माणूस आपोआप ताठ बसायचा. लग्न होऊन आली तेव्हा परशराम साखर कारखान्यात साधा हेल्पर होता. नंतर पॅनमन झाला. उसाचा आटलेला रस मोठ्या पॅनमध्ये शिजवून त्यातून साखरेचा दाणा उठवायचा, हे पॅनमनचं काम. दाणा बिघडला की सगळा घाणा बिघडला. काम मानाचं, पण हंगामी. गाळप संपलं की गडी घरात बसून कावायचा, आणि दुर्गाबाई दोन म्हशींवर घर ओढायची.

अशात तिच्या धाकट्या बहिणीचा, मंगलचा नवरा गुंडू एक दिवस पेढे घेऊन आला. निपाणीत त्यानं परदेशी नोकऱ्या लावून द्यायचं ऑफिस थाटलं होतं. टांझानियातल्या एका साखर कारखान्याला पॅनमन पाहिजेत, हंगाम आठ महिन्यांचा, पगार इथल्या तिप्पट, असं त्यानं सांगितलं. आता पाव्हण्याला ‘कागद दाखव’ म्हणणं म्हणजे आमच्याकडं तोंडात मारल्यासारखंच. कुणी काही विचारलं नाही. परशरामनं तर इथल्या कारखान्याचा राजीनामाही देऊन टाकला. दुर्गाबाईनं आनंदानं गल्लीभर पेढे वाटले.

सत्कार मारुतीच्या देवळापुढं होता. परशराम फेटा बांधून नवरदेवासारखा बसलेला. गुंडूनं माईक धरला आणि सुटलाच.

“आमचं साडू आता फॉरेनचं साहेब! कंपनीनं जाता-येता दोन्ही तिकिटं काढल्यात. सोमवारी जायाचं, आणि महिन्यानं परत यायचं तिकीटबी आत्ताच खिशात!”

टाळ्या पडल्या. बायकांत बसलेल्या दुर्गाबाईचे हात मात्र मध्येच थांबले. तिकडचा हंगाम आठ महिन्यांचा आणि परतीचं तिकीट महिन्याचं? उभा जन्म कारखान्याच्या भोंग्यावर काढलेली बाई ती, हंगाम म्हणजे काय हे तिला कोण शिकवणार? ती उठून उभी राहिली.

“पाव्हणं, तिकडचा ऊस महिन्याभरात संपतोय व्हय?”

लोक हसले. गुंडूही हसला. “तसं न्हवं आक्का. ते नुसतं दाखवायला असतंय. व्हिजिट व्हिजा हाय न्हवं का! फिरायला आलोय म्हणून सांगायचं. एकदा आत शिरलं की कंपनी वर्क परमिट काढून देत्या.”

“म्हंजे कामाचा परवाना आत्ता न्हाय?”

“मिळतोय की गेल्यावर.”

“आणि न्हाय मिळाला तर?”

गुंडूनं माईक बाजूला केला. “आक्का, घरात बोलूया की.”

“घरात का? सत्कार गावात केलासा, आता गावातच सांगा. जत्रेलाबी सौंदत्तीचा डोंगर कधी न बघितलेलं माणूस आफ्रिकेत फिरायला आलंय, ह्यावर कोण इस्वास ठेवंल? माझा नवरा कामाला जाणार आसंल तर कामाच्या व्हिजावर जाईल. न्हाय तर जाणार न्हाय!”

“दुर्गे, खाली बस!” परशराम ओरडला. ती बसली नाही. सत्कार तिथंच मोडला. मटण मात्र कुणी सोडलं नाही, हेही सांगायलाच पाहिजे.

घरी आल्यावर परशरामनं फेटा खाटेवर आपटला. “अब्रू घालवलीस माझी. सत्कार घेऊन घरात बसू? आता कुठल्या तोंडानं फिरू गावात?”

“ह्याच तोंडानं. तोंडाला काय झालंय?” ती म्हणाली. “तिकडं कुणी धरलं तर तुमच्या बाजूनं कोण उभारणार? गुंडू?”

तरी तो बॅग भरतच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भावकू आला. हा परशरामच्याच इथल्या कारखान्यातला जुना पॅनमन. मागं आफ्रिकेत गेला होता आणि हवा मानवली नाही म्हणून लवकर परतला, असं गाव समजत होतं. तो उंबऱ्याशीच बसला.

“परशा, मीबी त्याच कारखान्यात व्हिजिटवरच गेलतो. ठरलेल्या पगाराच्या निम्मा हातात. बोलायला गेलो तर म्हणाले, तू कागदावर इथं कामालाच न्हाईस, कुणाला सांगणार हाईस? तापानं फणफणलो तरी दवाखान्यात न्यायला भीत होते. लाजंनं आजवर गप्प बसलो. काल वैनी एवढ्या माणसांत बोलल्या. मला घरातबी बोलायचं धाडस न्हवतं.”

परशरामनं भरलेली बॅग पुढं ओढली. मग त्यानं एकेक कपडा बाहेर काढायला सुरुवात केली. सोमवारचं विमान त्याच्याशिवाय गेलं. गुंडूनं जमवलेली बाकीची चार माणसं मात्र गेली.

आता खरी परीक्षा सुरू झाली. भावकूकडून नंबर घेऊन परशरामनं टांझानियातल्या त्या कारखान्याच्या साहेबाला थेट फोन लावला. साहेब सांगलीकडचा निघाला. दुर्गाबाई शेजारी उभी राहून ढोसत होती, “आधी परमिट म्हणा, आधी परमिट!” साहेब म्हणाला, परमिट आधी निघतं, पण ते कारखान्यानंच मागावं लागतं आणि त्याला महिने जातात. घाई असणारे म्हणून व्हिजिटवर येतात. तुम्ही थांबणार असाल तर मी अर्ज टाकतो. मग अनुभवाचा दाखला, पोलिसांचा दाखला, डॉक्टरची तपासणी, बेळगावला हेलपाटे सुरू झाले. दुर्गाबाई प्रत्येक खेपेला बरोबर. नवरा रांगेत, ही दारात.

गाव काय गप्प बसणार? बसस्टँडवरच्या बोर्डावर परशराम विमानाच्या शेपटाशी उभा राहून हसत होता, आणि खरा परशराम त्याच्याच खालून म्हशींची वैरण आणत होता. डेअरीवर बायका विचारायच्या, “दुर्गा, कुठवर आलं गं विमान? शेजारच्या हत्तरगीला तरी पोचलं काय?” मंगलनं बोलणं टाकलं. दसऱ्यानंतर इथलं गाळप सुरू झालं तेव्हा परशरामच्या पॅनवर दुसराच माणूस उभा होता. परशराम गुऱ्हाळावर गुळाच्या काहिलीपुढं जाऊन उभारला. घरी आल्यावर तो चिडत नव्हता, गप्प असायचा. दुर्गाबाईला त्या गप्पपणाचीच भीती वाटायची. आपणच नवऱ्याच्या ताटात माती कालवली का, हा विचार धार काढतानाही तिचं डोकं खायचा.

आणि एके दिवशी परशराम गुऱ्हाळावरून धावत आला, चपला हातात घेऊन. “आलं गं! परमिट आलं!”

“नाव कुणाचं?”

“माझं!”

“आणि काम? फिरायचं?”

“पॅनमन! साखर शिजवायचं काम, दोन वर्षं!”

दुर्गाबाईनं शेणाचे हात तसेच वर केले आणि अशी आरोळी ठोकली, की शेजारची कोंबडी माळ्यावर चढली. रडतही होती, हसतही होती. पुन्हा सत्काराचं काढायला आलेल्या पोरांना तिनं दारातूनच पिटाळलं.

परशराम गेला. रोजचा फोन यायचा, पण एक दिवस तो भलत्या वेळी वाजला. तिचा जीवच उडाला.

“दुर्गे, आज लेबर खात्याची माणसं आलती कारखान्यात, परमिट तपासायला. गुंडूची चारीबी माणसं भिताड चढून उसात पळाली. माझ्या पॅनमधला दाणा तयार होऊन पॅन उतरायला आलता. त्या खात्याचा साहेब पुढ्यात येऊन उभारला. मी म्हटलं, पॅन सोडून हालता येत न्हाय, कार्ड वरच्या खिशात हाय, काढून घ्या. त्यानं काढलं, बघितलं आणि परत खिशात ठेवलं. वर हात मिळवला माझ्याशी! कंपनीला दंड झाला. आता त्या चौघांचीबी परमिटं काढावी लागणार हाईत.”

दुर्गाबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतीस का गं? आज मी उभारलो ते तुझ्यामुळं. चारचौघांत तुला खाली बस म्हटलं, ती माझी चूक झाली. आणि कारखान्याचा साहेब म्हणालाय, परमिटवाल्याला घरचं माणूस आणता येतंय. तू ये. म्हशी भावकू बघंल.”

दुर्गाबाईनं पदरानं डोळे पुसले.

“येते. पर मला कुठल्या व्हिजावर बोलवालायसा, ते आधी सांगा.”

“बायकूच्या! तसा व्हिजाच असतोय गं.”

“मग कागद पाठवा,” ती म्हणाली, आणि फोन कानाला तसाच धरून, बोलणं टाकलेल्या बहिणीला पहिली बातमी द्यायला मंगलच्या घराकडं निघाली.