फणीबाईंचं एक खोटं

फणीबाईंना वस्तीतल्या बायका चेहऱ्यावरून पटकन ओळखू यायच्या नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्या गोंधळून बघत राहायच्या. मग ती बाई हसून पाठ फिरवायची आणि तिचा अंबाडा दिसला की बाईंचा चेहरा उजळायचा. "अगं, तू व्हय! कोंडा गेला का न्हाय तुझा?"

बाईंनी त्यांना नेहमी मागूनच पाहिलेलं होतं, त्याला त्या तरी काय करणार?

पंचगंगेचं पाणी वाढलं की सगळ्यात आधी बुडते अशी ती वस्ती. आमच्या चर्चनं बाईंना तिथल्या बायकांमध्ये सेवेसाठी नेमलं होतं. पण त्यांच्या पिशवीत शुभवर्तमानाच्या वर एक लाकडी फणी, खोबरेल तेलाची बाटली आणि विटका टॉवेल असायचा, म्हणून वस्तीनं त्यांना फणीबाई करून टाकलं. त्या कुणाच्याही उंबऱ्यावर बसायच्या, मांडीवर टॉवेल पसरायच्या आणि हाक मारायच्या, "ये गं, पाठ कर." बायबल उघडायला तासभर तरी जायचा. "आधी उवा, मग येशू," असा त्यांचा क्रम होता.

एकदा एका म्हातारीनं त्यांना डिवचलं, "बाई, तुमच्या येशूच्या डोक्यात उवा हुत्या काय?"

"असतील की," बाई फणी न थांबवता म्हणाल्या. "गरिबाचंच पोर ते."

मी तेव्हा कॉलेज संपवून घरी बसले होते. इंग्रजी शाळेत शिकलेली मी इंग्रजीतही गप्प असायचे आणि मराठीतही. आईनं कंटाळून मला बाईंच्या मदतीला धाडलं. वस्तीत माझं नाव 'इंग्लिशवाली' पडलं. मी बाईंच्या शेजारी बसून बघत राहायचे. पाठमोरी बसलेली बाई पाच मिनिटं काही बोलायची नाही. मग समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं हळूहळू सगळं सांगायची. बाई म्हणायच्या, "समोर बघून कोण बोलतंय व्हय? तोंड दिसंना झालं की माणूस बोलतंय." मलाही त्या अधूनमधून म्हणायच्या, "इंग्लिश, तू पण पाठ कर की." मी मान हलवून नको म्हणायचे.

रेखाच्या घरी त्या दर गुरुवारी जायच्या. हुपरीहून येणाऱ्या पैंजणांना घुंगरं जोडायचं काम रेखा घरी करायची. तिची वेणी कमरेखाली पोचायची. एकदा विंचरता विंचरता बाईंची बोटं तिच्या कानामागे थांबली. कुणी मारलं, कशाला मारलं, असलं काही त्यांनी विचारलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "आज काय हुतं त्याच्या हातात?"

रेखानं घुंगरू ओवलं. "लाटणं."

बाईंनी तेल न लावता जखम पुसली आणि उरलेले केस विंचरले. त्यानंतर दर गुरुवारी हाच प्रश्न असायचा. उत्तरं बदलायची.

शुक्रवारी वस्तीतल्याच एका लहानशा खोलीत बाई या सगळ्यांसाठी प्रार्थना करायच्या. त्यात कुणाचं नाव नसायचं. 'टाळूला टाके पडल्यात ती', 'बाळंतपणात केस गळाले ती', 'कानामागं दुखतंय ती'. ऐकणारीला आपलं आपण कळायचं, दुसरीला कळायचं नाही. पण बाईंचं वय झालं होतं. एका शुक्रवारी त्यांना एक डोकं आठवेना. डोळे मिटून त्या बराच वेळ हवेत बोटं फिरवत राहिल्या आणि मग तिथेच बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी वही आणली. बाई नको म्हणाल्या. "लिवू नको गं. डोक्यातलं डोक्यात ऱ्हाऊ दे."

"पण विसरलात तर?" मी विचारलं.

मी पट्टीनं रकाने आखले, लाल पेननं मथळे दिले. पूर्ण नाव, गल्ली, प्रार्थनेचा विषय. शाळेत माझ्या सुवाच्य अक्षराला बक्षीस मिळालेलं होतं. रेखाच्या नावापुढे मी लिहिलं, 'पतीची मारहाण थांबावी. न थांबल्यास मुलीला घेऊन नेसरीला भावाकडे जाता यावं.' त्या पानाकडे बघून मला बरं वाटलं होतं, हेही सांगायला हवं.

तिसऱ्या आठवड्यात ती वही मी खोलीच्या खिडकीत विसरले.

ती रेखाच्या दिराला सापडली. संध्याकाळपर्यंत तिच्या पानांचे फोटो वस्तीतल्या प्रत्येक फोनवर होते. वर लिहिलं होतं, बाटवलेल्या बायकांची यादी. चाळीस बायकांची नावं होती आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिनं भिंतीला सांगितलेली गोष्ट, माझ्या सुवाच्य अक्षरात. रेखाच्या नवऱ्यानं तिला दारात बसवलं आणि कात्रीनं मानेपासून वेणी कापली. वेणी गल्लीत फेकून तो ओरडला, "आता विंचर म्हणावं फणीबाईला!"

बायका बाटवल्याची तक्रार झाली आणि चौकीत आम्हा दोघींना बोलावलं. दाराशी वस्तीतली माणसं उभी होती, मागे बायका, त्यांत डोक्यावरून पदर घट्ट ओढलेली रेखा. साहेबांनी वही टेबलावर ठेवली.

"अक्षर कुणाचं?"

मी वहीतल्या लाल मथळ्यांकडे बघत राहिले.

"माझं," बाई म्हणाल्या.

दाराशी कुजबुज झाली. रेखा वळली आणि निघून गेली. पुन्हा वस्तीत जाणार नाही, असं बाईंकडून लिहून घेतलं गेलं. त्याखाली बाईंनी सही केली. वाकडीतिकडी, एकेक अक्षर जुळवत, कारण त्यांना छापील वाचता यायचं, पण लिहिता तेवढंच यायचं. साहेबांनी ती सही पाहिली, वही पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

चर्चच्या कमिटीनंही बाईंना 'सध्या नको' म्हणून सांगितलं. त्या हातकणंगल्याला भाचीकडे राहायला गेल्या. चार महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेले. त्या फार वाळल्या होत्या. फणी उशाशी होती. मी न विचारता त्यांच्या खाटेला टेकून जमिनीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसले. त्यांनी माझे केस सोडले. पाच मिनिटं मी भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, चौकीत मी बोलायला हवं होतं."

फणी थांबली नाही. "साहेबापुढं बोललो त्याचं मला काय न्हाय. तुझं लगीन व्हायचंय, नोकरी बघायचीय. पर रेखाला वाटतंय, मी तिचं बोलणं फोडलं." एक गुंता सोडवून त्या म्हणाल्या, "माझं खोटं प्रभूला ठावं हाय. रेखाला न्हाय. तिला तेवढं सांगशील?"

मी हो म्हणाले.

पुढच्या गुरुवारी जाऊ, असं ठरवलं. त्या गुरुवारी मी वस्तीच्या नळापर्यंत गेले आणि परत आले. पुढचे किती गुरुवार असे गेले ते मी मोजले नाहीत. मग एका सकाळी भाचीचा फोन आला. दफनाला पाळक, भाचीच्या घरचे, मी आणि आई, एवढीच माणसं होतो. आयुष्यभर इतक्या बायकांची डोकी हातात घेतलेल्या बाईंना मूठमाती द्यायला वस्तीतली एकही बाई नव्हती.

त्यानंतरच्या गुरुवारी मी नळापाशी थांबले नाही.

रेखा उंबऱ्यावर घुंगरं ओवत बसली होती. केस खांद्यापर्यंत आले होते, वेडेवाकडे. तिनं मला पाठ दाखवली नाही आणि मीही भिंत शोधली नाही. तिच्याकडे बघून सांगितलं की वही मी लिहिली, मीच विसरले, बाईंना तर लिहिताच येत नव्हतं.

रेखाचे हात चालूच होते. "वरीस झालं म्हातारीला शिव्या घालतोय मी," ती म्हणाली. "ह्या उंबऱ्यावर बसून, रोज." मग तिनं मान वर केली. "कुठं असती ती आता? हातकणंगल्यालाच न्हवं? मुलीला घिऊन जातो रविवारी. पाया पडतो तिच्या."

"बाई गेल्या, रेखाताई. मागच्या शनिवारी."

तिच्या हातातलं पैंजण मांडीवर पडलं. सुटी घुंगरं उंबऱ्यावरून गल्लीत घरंगळत गेली. ती त्यांच्याकडे बघत राहिली, उचलायला उठली नाही.

"आधी सांगायचं हुतंस," ती म्हणाली. "मातीला तरी आलो असतो की गं."