साहेबांचं ओल आलेलं स्टेशन

इमारत खात्यातून निवृत्त झाल्यावर साहेबांनी पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची फेररचना केली. बायकोने दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना कवळीवाल्याच्या शिकवणीला घातलं.

कवळीवाला म्हणजे गल्लीच्या टोकाचा, दातांच्या कवळ्या करणारा कारागीर. रविवारी तो त्याच टेबलावर, त्याच प्लास्टरने, छोट्या आगगाड्यांसाठी डोंगर, पूल आणि स्टेशनं करायला शिकवायचा. शिकणारे साहेब धरून चौघं.

साहेबांनी पहिला बोगदा बांधला तो थाटात. जाळीवर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या थापल्या, भुसा हिरवा रंगवून गवत पेरलं. इंजिन तोंडाशीच अडकलं.

"उंची मोजली होती का?" कवळीवाल्याने विचारलं.

"नकाशात बरोबर आहे."

"इंजिन नकाशातून जात नाही, साहेब."

तीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. धुसफुसत त्यांनी बोगदा फोडला. पुन्हा बांधला, पुन्हा फोडला. चौथ्या खेपेला गाडी पार झाली तेव्हा साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितलं.

मग पुठ्ठ्याचं स्टेशन. भिंती काटकोनात, खिडक्या एका रांगेत. कवळीवाल्याने नाक मुरडलं. "फार कोरं दिसतंय. खोटं वाटतं. जरा जुनं करा."

इथे मात्र साहेबांचा हात असा काही चालला, की सगळे बघतच राहिले. पातळ काळा रंग घेऊन त्यांनी पाइपच्या सांध्याखाली ओल उतरवली, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर काढली, छताखाली पोपडा फुगवला.

"हे कुठे शिकलात?" कवळीवाल्याने विचारलं.

"नोकरीत!" साहेब छाती फुगवून म्हणाले.

शिकणाऱ्या चौघांतल्या एक, शाळेच्या मास्तरीणबाई, वाकून बघत होत्या. "अगं बाई! ही तर आमच्या शाळेची मागची भिंत. तिसरीची मुलं बाक सरकवून बसतात तिथे."

साहेबांचा ब्रश थांबला. त्या शाळेची इमारत ठीक असल्याच्या दाखल्यावर सही कुणाची, हे त्यांना पक्कं आठवत होतं. जागेवर न जाता केलेली, हेही.

सोमवारी ते शाळेत गेले. भिंतीला हात लावला, तो ओला झाला. तिथून तडक जुन्या कार्यालयात. एके काळी हाताखाली असलेला माणूस आता त्यांच्या खुर्चीत होता. त्याने उठून नमस्कार केला, चहा मागवला, अर्ज घेतला आणि म्हणाला, "पण साहेब, आपल्या दप्तरी भिंत कोरडी आहे."

चौथ्या हेलपाट्याला साहेबांनी स्टेशनच नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं. तो हरखला. "काय हुबेहूब ओल आहे हो!" दुसऱ्या दिवशी स्टेशन दारातल्या काचेच्या कपाटात विराजमान झालं. खाली पाटी: 'आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांची कलाकृती.'

साहेबांनी घरी येऊन हे सांगितलं, तर बायको हसली नाही. "मग, आता सत्काराला कधी जायचं?" एवढंच तिने विचारलं.

ते त्यांना झोंबलं. पुढच्या खेपेला त्यांनी मास्तरीणबाईंसह तिसरीचे तीस-चाळीस पालक नेले आणि कार्यालयाच्या व्हरांड्यात ठाण मांडलं. 'आमचीच सही चुकली होती' असं स्वतःच्या हाताने लिहूनही दिलं. तेव्हा कुठे महिन्याभराने गवंडी आला.

साहेब रोज भिंतीचा सरळपणा तपासायचा ओळंबा घेऊन त्याच्या मागे उभे. शेवटी गवंडी वैतागला. "आजोबा, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

"आत्ता कुठे शिकतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी ओळंब्याची दोरी पुन्हा खाली सोडली.