प्रिंटरची राखीव जागा

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. बी.एस्सी. होऊन खालापुरात झेरॉक्सच्या दुकानात लागले, तेव्हा मालक म्हणाले, "आठवडाभर बघतो तुझं शिक्षण, मग ठरवू."

तिथं रोज वीज जायची आणि परत आली की प्रिंटर गप्प. खोपोलीचा मेकॅनिक तर नवाच घ्या म्हणत होता. सहाव्या दिवशी मी राउटरची सेटिंग उघडली. वीज आली की राउटर दुकानाच्या वाय-फायवरच्या सगळ्या यंत्रांना नव्याने नेटवर्कचे पत्ते वाटायचा. प्रिंटरचा जुना पत्ता कुणा गिऱ्हाइकाच्या मोबाइलला जायचा आणि कॉम्प्युटर मात्र त्याच पत्त्यावर काम पाठवत राहायचा. मी तो पत्ता कायमचा प्रिंटरसाठी राखून ठेवला. मग भर गर्दीत मेन स्विच बंद केला.

"अगं, येडी हाय का तू?" मालक ओरडले.

मी स्विच चालू केला. थोड्याच वेळात प्रिंटरमधून सातबारा बाहेर आला.

काय केलं ते सांगितल्यावर रांगेतले एक आजोबा म्हणाले, "म्हंजे पंगतीत जावयाचा पाट राखलास की गं!"

मालकांनी तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. "येऊ नको रं आता. आमच्याकडं इंजिनीयर हाय."

मी इंजिनीयर नाही. पण त्यांना मी थांबवलं नाही.