तळाचा दर्या

त्या दिवशी सकाळी वारा मुळीच नव्हता, आणि लिस्ट्रा बेथेलला नेमकं तेच आवडलं नाही.

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटावर नाताळात सुटलेला पूर्वेचा वारा फेब्रुवारीपर्यंत घरांचे पत्रे वाजवत राहतो. आज मात्र लेस्टेरच्या पुळणीवर दर्या तेल ओतल्यासारखा पडून होता. ऊन लख्ख. पण लिस्ट्राच्या होडीचा दोर आपोआप ताणला जाई, करकरे, आणि बऱ्याच वेळाने सैल पडे. ती मनात आकडे मोजत होती. चौदा, पंधरा, परत ताण. धक्क्यावर पेलिकन ओळीने बसले होते, दर्याकडे पाठ करून. मासे उड्या मारत होते तरी एकही उठत नव्हता.

लिस्ट्रा एकसष्ट वर्षांची. बाप कथबर्ट विंडवर्ड गावात गलबतं बांधायचा. एकोणिसाव्या वर्षी ती विलायतेला हडर्सफील्डला गेली आणि चौदा वर्षं तिथल्या एका इस्पितळाच्या चादरी धुतल्या. बापाची दृष्टी गेली तेव्हा ती परत आली. म्हातारा रोज पुळणीवर बसायचा, ओल्या वाळूवर पंजा टेकवायचा आणि पाणी काय करतंय ते तिला सांगायचा. तो म्हणायचा, "पोरी, वाऱ्याच्या लाटेला भिऊ नकोस, ती दिसते. तळाचा दर्या दिसत नाही. वादळ तिकडे उत्तरेला कुठेतरी हजार कोसांवर झालेलं असतं, आणि त्याचं पाणी आपल्या दारात येतं. ऊन असतं, वारा नसतो, आणि माणसं पोहत असतात."

म्हातारा गेल्यावर तिने त्याची होडी घेतली. "बाई तांडेल!" म्हणून धक्क्यावरचे पुरुष पोट धरधरून हसले होते. त्याला बावीस वर्षं झाली. बेटावर सुट्टीला येणाऱ्यांना सकाळी समोरच्या सँडी बेटावर सोडायचं आणि दुपारी आणायचं, हा तिचा धंदा. सँडी बेट म्हणजे दर्यातला वाळूचा एक लांबट पट्टा, वर दहा-बारा माड आणि थोडी झुडपं. बावीस वर्षांत तिच्या होडीतल्या माणसाला साधं खरचटलंही नव्हतं.

साडेनऊला तिची गिऱ्हाइकं आली. कॅनडाचं जोडपं, बॅरेट आणि लॉर्ना, दोघंही नुकतीच निवृत्त झालेली.

"आज सँडी नको," लिस्ट्रा म्हणाली. "मी तुम्हाला टिरेल खाडीत नेते. खारफुटीत फिरवते, कालवं दाखवते."

बॅरेटने दर्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अहो, पाणी आरशासारखं आहे! आठ दिवसांतला हाच दिवस चांगला मिळालाय."

"म्हणूनच नको."

मागे ऑल्बन मॅकफार्लेन आपल्या पिवळ्या होडीतलं पाणी उपसत होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, बोलघेवडा, मनाचा मोकळा. लिस्ट्राला तो टँटी म्हणायचा, म्हणजे मावशीच, आणि तिची टिंगल करण्याचा हक्कही मावशीवरचाच असल्यासारखा बजावायचा.

"टँटी, पेलिकननी कानात काही सांगितलं वाटतं?"

"दोर बघ, ऑल्बन."

"दोर बघितला. जुना झालाय, नवा घे." धक्क्यावरचे दोघे-तिघे खिंकाळले. "रेडिओवाला म्हणतो लाटा उद्या संध्याकाळी. तू रेडिओवाल्यापेक्षा शहाणी?"

लिस्ट्राच्या तोंडाशी आलं होतं की रेडिओवाल्याने वाळूवर हात ठेवलेला नाही. पण बावीस वर्षांचं ते हसणं ऐकून ती दमली होती. तिने खांदे उडवले. "तुझी मर्जी."

ऑल्बन त्या दोघांना आपल्या होडीतून सँडीला घेऊन गेला.

अकराला दोराच्या दोन ताणांमधलं अंतर सतरा आकड्यांवर गेलं; अंतर जितकं लांब, तितकी लाट जड. पाणी ओढ घेताना पुळणीचा तळ उघडा पडू लागला आणि खालचे गोटे खळाळायला लागले. लिस्ट्राने ऑल्बनला फोन लावला. चार वेळा नुसती घंटा वाजली. माणसं सँडीवर सोडून तो शेजारच्या हिल्सबरो गावी बर्फ आणायला गेला होता. तिथल्या धक्क्यावर डोमिनोचा डाव बसला की ऑल्बनला फोन ऐकू येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पुळणीवर तळलेले मासे विकणाऱ्या आयँथीला ती म्हणाली, "ऑल्बन आला तर सांग, माणसं मी आणतेय. त्याने जायचं नाही."

"वारा तर नाही," आयँथी म्हणाली.

"सांग म्हणजे झालं."

सँडी बेटाशी पोचली तेव्हा त्याची एक बाजू दिसेनाशी झाली होती. लाटा फुटत नव्हत्या, नुसत्या फुगून वर चढत होत्या आणि माडांच्या मुळांपर्यंत जात होत्या. लॉर्ना एका माडाला मिठी मारून उभी होती. जेवणाची टोपली तरंगत चालली होती. बॅरेट मात्र गुडघाभर पाण्यात उभा राहून फोटो काढत होता.

लिस्ट्राने होडीचं तोंड दर्याकडे ठेवलं, तीन मोठ्या लाटा जाऊ दिल्या आणि मधल्या निवांत क्षणात मागे मागे सरकत आली.

"बाईसाहेब, आधी तुम्ही! पळा!"

लॉर्ना आली. बॅरेटचं "एकच मिनिट" चाललं होतं. तेवढ्यात त्याच्या पायाखालची वाळूच सरकली आणि तो आडवा झाला. लिस्ट्राने त्याला कमरेच्या पट्ट्याला धरून होडीत ओढलं. कोपर प्रवाळावर सोलवटलं होतं.

साडेबाराला ती लेस्टेरला परतली. बॅरेट आणि लॉर्ना भिजून चिंब झाली होती. आयँथीने त्यांना पंचे दिले आणि रताळ्याच्या भाकऱ्या पुढे केल्या. मग तिचं लक्ष दर्याकडे गेलं.

"लिस्ट्रा, ती कुणाची होडी?"

पिवळी होती.

ऑल्बनने हिल्सबरोच्या धक्क्यावरून पाणी चढताना पाहिलं होतं. डाव अर्धा सोडून तो तिथूनच थेट सँडीकडे सुटला होता. लेस्टेरला आलाच नव्हता, मग त्याला निरोप कोण देणार? आता त्याची होडी सँडीच्या माडांपाशी गिरक्या घेत होती. मग थांबली. एक माणूस उडी मारून वाळूवर उतरला.

लिस्ट्राने फोन लावला. लागला नाही. तिने डोक्याचा लाल रुमाल सोडून हलवला, ओरडली, आयँथी ओरडली, धक्क्यावरचे पुरुष धावत आले. मधे पाव कोस पाणी. तिने होडी पुन्हा लोटली. पहिल्याच लाटेने होडी उभी केली, दुसरीने मशीन पाण्याने भरलं आणि पुरुषांनी लिस्ट्राला काखेत धरून बाहेर काढलं.

मग सगळे नुसते उभे राहिले. ऑल्बन स्पष्ट दिसत होता. तोंडाशी हात धरून तो हाका मारत होता. या माडाकडून त्या माडाकडे धावत होता, वाकून झुडपांत बघत होता, परत हाका मारत होता. ज्यांना तो शोधत होता ती दोघं लिस्ट्राच्या मागे पंचे पांघरून उभी होती.

"त्याला सांगा ना कुणीतरी," लॉर्ना म्हणाली. "आम्ही इथे आहोत, सांगा ना त्याला."

उत्तरेकडून पाणी उंच झालं. माड वाकले. पाणी ओसरलं तेव्हा वाळूवर माणूस नव्हता, आणि पिवळी होडी उपडी झाली होती.

दोन दिवसांनी तो टिरेल खाडीजवळच्या हार्वी व्हेलच्या खडकांत सापडला.

मातीनंतर दुपारी लोक ऑल्बनच्या आईकडे जमले. मा टेन्सी ऐंशीच्या पुढची. बॅरेट आणि लॉर्ना दारातच उभी होती, आत यायला धजत नव्हती. मा टेन्सीने स्वतः दोन ताटं वाढली आणि त्यांच्या हातात दिली. "खा," ती म्हणाली. "तो तुमच्यासाठी गेला. तुम्ही उपाशी जाऊ नका." बॅरेट ताट धरून रडला.

मग म्हातारीने लिस्ट्राला परसात नेलं.

"सकाळी तुला कळलं होतं?"

"कळलं होतं, मा."

"त्याला सांगितलंस?"

"एकदा."

कोंबड्या पायात घोटाळत होत्या.

"माझा पोरगा एकदा सांगून ऐकणारा नव्हता," म्हातारी म्हणाली. "तुला माहीत होतं ते."

तिच्या आवाजात राग नव्हता. लिस्ट्राला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं. ती तिथेच पायरीवर बसली आणि म्हातारी आत माणसांकडे गेली.