सातवा वार

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर सावळाच्या अंगणात तुळशीदासच्या घरचं माणूस बारा वर्षांत फिरकलं नव्हतं. त्यामुळे तुळशीदासची लेक प्रतिक्षा भर दुपारी चढण चढून दारात उभी राहिली, तेव्हा नाचणी पाखडणाऱ्या त्याच्या बायकोच्या, सरूच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

"सावळाकाका हायेत का?"

सावळा घरातच होता, कोयत्याची मूठ बसवत. बाहेर आला, पण पोरीच्या तोंडाकडे त्याला बघवेना. नजर खाली ठेवूनच म्हणाला, "बोल."

न बघवण्याचं कारण सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. सावळा आणि तुळशीदास चुलत भाऊ. पाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवदैत्यांची सोंगं नाचवतात त्या जत्रेत, शेवटचं सोंग या दोन घरांचं. देवी सावळाची, म्हैशासुर तुळशीदासचा. सूर्य डोंगराआडून वर येता येता दोघांची लढाई सुरू व्हायची. हातात खऱ्या लोखंडी तलवारी, कानावर संबळ, आणि मोजून सात वार. सातव्या वाराला देवी नेम धरून टोक सरळ असुराच्या तोंडावर खुपसणार, आणि त्याच क्षणी असुर डावीकडे पाऊल टाकून अंग चोरणार. तलवार कानाजवळून सुटून जायची. बायका दर वर्षी किंचाळायच्या, दर वर्षी काही होत नसे.

बारा वर्षांपूर्वी झालं. टोक मुखवट्याच्या डोळ्याच्या खाचेतून आत गेलं आणि तुळशीदासचा डावा डोळा गेला.

हात चुकला म्हणून लोकांनी सोडूनही दिलं असतं. पण आदल्याच दिवशी पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं होतं. तुळशीदासनं सरूला ढकललं होतं आणि सावळा चारचौघांत बोलून गेला होता, "उद्या बघून घेतो तुला." लोकांनी त्या बोलण्याची आणि त्या वाराची गाठ मारली. नाशिकच्या दवाखान्यात तुळशीदासनं अपघात झाला एवढंच सांगितलं, पोलिसांत गेला नाही. पाड्यात मात्र तो एक शब्द बोलला नाही, हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. त्या गप्प बसण्यानंच सावळाचा निकाल लावला. देवीचं सोंग त्याच्याकडून गेलं. लग्नकार्याचं बोलावणं यायचं बंद झालं. दिवाळी झाली की तो भिवंडीकडे बांधकामाच्या मजुरीला जायचा आणि नाचणीच्या लावणीला परत यायचा. गाव आठ महिने नजरेआड राहायचं, तेवढंच बरं वाटायचं.

खरं सांगायचं तर त्याचं त्यालाही कळत नव्हतं. त्या सकाळी रागानं हात कणभर पुढे गेला होता का? मालाची पाटी डोक्यावर घेऊन तिसरा मजला चढताना, भाकरी मोडताना, कधीही त्याला तो क्षण आठवायचा आणि तो स्वतःला विचारायचा. उत्तर यायचं नाही.

प्रतिक्षा अंगणात टेकली. नाशिकला शिकून ती आता ठाण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. टीव्हीला जोडायचा डबा असतो, हातात बटणांचा कंट्रोलर धरून खेळायचं, त्यासाठी त्यांची कंपनी तलवारबाजीचा मोठा गेम करत होती. डोंगर, जंगल, मुखवट्यांचे दैत्य, आणि त्यांच्याशी लढणारी देवी.

"अंगावर ठिपक्यांचे कपडे घालून तुम्ही लढायचं, काका. भोवतीचे कॅमेरे तुमचं पाऊल न् पाऊल टिपणार. मग गेममधली देवी तुमच्यासारखी लढंल. आमच्याकडं शिकलेले तलवारबाज हायेत, पण त्यांना ते संबळावरचं पाऊल जमंना."

"तुझ्या बापाला विचारलंस?"

"बाबाच म्हणाले, सावळ्या आला तरच मी येतो."

सरूनं सूप खाली आपटलं. पोरगी गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "जाऊ नको. त्याच्याबी हातात तलवार असंल. बारा वर्षं गप बसलेला माणूस कशाला बोलावतो, तुला कळत नाय?"

सावळाला कळत होतं. तरी तो गेला. कदाचित म्हणूनच गेला. एकाचा डोळा घेतला तर आपला एक द्यावा लागला तरी हिशेब सुटेल, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. सरूला ते त्यानं सांगितलं नाही.

कंपनीची गाडी खोडाळ्याच्या नाक्यावर आली. तुळशीदास आधीच मागच्या सीटवर बसला होता, काळा चष्मा लावून, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबट घेऊन. सावळाला ते काय आहे हे विचारावं लागलं नाही. कसाऱ्यापर्यंतच्या वळणांवर गोणपाटातलं लोखंड एकमेकांवर वाजत होतं. प्रतिक्षा पुढे बसून दोनदा काहीतरी बोलली. ठाणे येईपर्यंत दोघा भावांत एक शब्द झाला नाही.

स्टुडिओ म्हणजे गोदामाएवढी मोठी खोली, भिंती काळ्या आणि वर चारी बाजूंना लाल डोळ्यांचे कॅमेरे. दोघांना अंगाला चिकटणारे काळे कपडे घातले, सांध्यासांध्यावर बोराएवढ्या करड्या गोट्या लावल्या. कामाची प्रमुख ममता नावाची चटपटीत बाई होती. तिनं स्पंज गुंडाळलेल्या काठ्या दिल्या. पहिले सहा वार त्यावर झाले. सावळाला वाटलं होतं, आपण विसरलो असू. पण स्पीकरवर संबळ सुरू झाला आणि पाय आपोआप उठले, जणू मधली वर्षं गेलीच नव्हती. समोर तुळशीदास एका डोळ्यानं त्याच्यावर नजर रोखून, मान जरा वाकडी करून नाचत होता. वय झालं होतं, पण असुर तोच होता.

सातव्या वाराआधी तुळशीदास थांबला.

"या काठीला वजन नाय. वजन नसलं का हात खोटं बोलतो." त्यानं गोणपाट सोडलं. "ह्यानं करू."

पाड्याच्या तलवारी होत्या. सावळाच्या देवीची तलवार त्यानं मुठीकडून सावळापुढे धरली. प्रतिक्षा दोघांच्या मध्ये आली. "बाबा, हे ठरलं नव्हतं," ती म्हणाली. ममतानं तर साफ नकार दिला. बराच वेळ बोलणं चाललं. शेवटी टोकावर रबराचं जाड टोपण बसवायचं आणि तुळशीदासनं तोंडावर जाड काचेसारखी ढाल असलेलं शिरस्त्राण घालायचं, यावर ममता राजी झाली. एवढा हट्टी माणूस, पण शिरस्त्राणाला मुकाट्यानं तयार झाला. सावळाला त्याचं नवल वाटलं.

संबळ वाजला. एक, दोन, तीन. लोखंडावर लोखंड आपटलं की खोलीभर घुमायचं. सहावा झाला, सावळानं नेम धरला आणि हात हवेत अडकला. पुढे जाईनाच.

"पुन्हा," ममता म्हणाली.

पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तर तलवारच खाली आली. तुळशीदास दोन पावलांवर उभा होता आणि ढालीमागे त्याचा एकच डोळा पापणी न हलवता बघत होता.

"मार, सावळ्या."

"माझ्यानं व्हत नाय."

"बारा वर्षं वाट बघितलीय मी. मार."

सावळाला वाटलं, हाच तो क्षण. हा माणूस आता काहीतरी करणार. त्याच्या डाव्या हाताकडे, कमरेकडे त्याची नजर गेली. काही दिसलं नाही. संबळ चौथ्यांदा सुरू झाला. सहा वार झाले. सावळानं श्वास रोखला आणि हात सरळ सोडला, लहानपणापासून सोडत आला होता तसा, एक सूतही इकडे तिकडे नाही.

टक्.

टोक तुळशीदासच्या उजव्या डोळ्यासमोर ढालीवर आपटलं. काच तडकली नाही, पण डोकं मागे गेलं आणि तो गुडघ्यावर बसला. प्रतिक्षा किंचाळत धावली. तलवार सावळाच्या हातातून गळून पडली आणि तो जिथं होता तिथं मटकन बसला. दुसरा डोळा. आपण ह्याचा दुसरा डोळा घेतला. शिरस्त्राण काढून प्रतिक्षानं बापाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, तेव्हा सावळाला दिसलं की डोळा शाबूत आहे.

"काय झालं नाय मला," तुळशीदास म्हणाला. "ते टीव्हीवर दाखव. आत्ताचं."

भिंतीवर पडदा होता. आधी नुसते ठिपके दिसले, अंधारात हलणारे काजवे. मग कंपनीच्या माणसानं काहीतरी दाबलं आणि डोंगरमाथा उभा राहिला, वाऱ्यानं झुकणारं गवत, पाठीमागे तांबडं उजाडणारं आभाळ. त्यात लाल मुखवट्याची देवी त्याच्या पावलांनी नाचत होती. तलवारीच्या पात्यावर ऊन सरकत होतं, मुकुटाची मोरपिसं थरथरत होती, पायाखालची धूळ उडून हळूहळू खाली बसत होती. शिंगांचा असुर मान वाकडी करून तिच्याभोवती फिरत होता.

"हळू कर," तुळशीदास म्हणाला. "सातव्याला हळू."

चित्र मुंगीच्या चालीनं सरकू लागलं. देवीचा हात ताणलेल्या दोरीसारखा सरळ गेला. असुराचा डावा पाय उचलला. आणि तो डावीकडे पडलाच नाही. वीतभर पुढे पडला, तलवारीच्या तोंडावर.

"मागं घे. पुन्हा."

तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा तेच.

"यंत्र आजचं दाखवतंय," तुळशीदास म्हणाला, लेकीकडे बघून, सावळाकडे नाही. "त्या दिवसाचं मी सांगतो. त्या दिवशीबी मी असाच पुढं आलो व्हतो. मुद्दाम. सगळ्यांसमोर हा मला बघून घेतो म्हणाला. मला वाटलं, सगळ्यांसमोर ह्याची देवी उताणी पाडतो. खांद्यानं धक्का द्यायचा व्हता. मुखवट्यातून दिसलं नाय नीट. डोळा माझ्या पायानं गेला. ह्याच्या हातानं नाय."

"मग आज कशाला?" प्रतिक्षाचा आवाज फाटला. "ती ढाल फुटली असती तर?"

"तोंडानं निघत नव्हतं. बारा वर्षं लय वेळा तुझ्या काकाच्या कुंपणापर्यंत गेलो आन् मागं फिरलो."

सावळा उठला. रडावं, हसावं, की याच्या नरडीचा घोट घ्यावा, त्याला कळेना. तो दार उघडून बाहेर गेला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. आपला हात सरळ होता. एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. हात सरळ होता, आणि आपणच इतकी वर्षं त्याची झडती घेत बसलो. मग मागोमाग सरू आठवली, पाणवठ्यावर बायका तिच्यापासून बाजूला सरकायच्या तेव्हाची. कोणत्याच लग्नाला न गेलेली सरू. तेव्हा मात्र त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

तुळशीदास दारात येऊन उभा राहिला.

"इथं सांगून काय?" सावळा ओरडला. "इथं मला कोण वळखतं? पाड्यात सांग. सगळ्यांच्या म्होरं. सरूच्या म्होरं."

"सांगतो."

"आजपर्यंत तोंडाला काय झालं व्हतं तुझ्या?"

तुळशीदास त्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसला.

काम अर्धं राहिलं होतं. सावळा अर्ध्या तासानं आत आला, तोंड धुऊन. "सातवा वार घ्या," ममताला म्हणाला. या वेळी तलवार सरळ गेली, तुळशीदासचा पाय डावीकडे पडला, आणि पातं कानाजवळून सूं करत सुटलं. गेममध्ये तोच वार आहे. तुळशीदासकडे त्यानं त्या दिवशी पुन्हा बघितलं नाही.

पाड्याची बैठक पुढच्या रविवारी भरली. तुळशीदासनं शब्द पाळला. उभा राहून, चष्मा काढून, सगळं सांगितलं. काही म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. काहींनी कुजबुज केली की पोरीच्या नोकरीसाठी दोघांनी जुळवून घेतलं असेल. बारा वर्षांचा समज एका दुपारी जात नाही. सरू भर बैठकीत उठली, "ढकललंस मला, आन् भोगलंबी मीच," एवढंच म्हणाली आणि घरी निघून गेली. सावळा तिच्या मागून गेला.

गेम पुढच्या वर्षी आला. प्रतिक्षानं तो डबा आणून पाड्याच्या शाळेतल्या टीव्हीला जोडला तेव्हा सगळे लोटले. सावळाला बटणं काही जमली नाहीत. त्याच्या हातची देवी दर वेळी कड्यावरून खाली पडत राहिली आणि लोक पोट धरून हसले. तेरा वर्षांत पाड्यानं त्याच्यासोबत हसण्याची ती पहिली वेळ.

त्या फाल्गुनात देवीचं सोंग त्याच्याकडे परत आलं. समोर म्हैशासुर तुळशीदासच. अजूनही दोघं कामापुरतंच बोलतात. उजाडताना लढाई सुरू झाली तेव्हा सरू सगळ्यांच्या पुढे येऊन उभी होती. देवीकडे तिचं लक्षच नव्हतं. पहिल्या वारापासून सातव्यापर्यंत ती फक्त तुळशीदासच्या पायांकडे बघत होती.